संतोष कुणाला सांगायचा?

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की मराठवाड्यातल्या बुद्धविहारांत संध्याकाळचे ग्रंथवाचन लागते. देवणीकडच्या खेड्यांतही तोच रिवाज. ग्रंथ ठरलेला असतो, बाबासाहेब आंबेडकरांचा ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’. ऐकायला बायका जास्त असतात. दिवसभर सोयाबीनमध्ये खुरपण करायचे, घरी येऊन भाकरी थापायच्या, पांढरे लुगडे नेसायचे आणि विहारात येऊन बसायचे. वाचता वाचता तृष्णेचे प्रकरण येते. दुःखाचे मूळ तृष्णा आहे आणि संतोष हेच मोठे धन आहे, हे ऐकून सगळ्यांच्या माना हलतात. या ठिकाणी मला नेहमी एक अडचण वाटत आली आहे. जिच्या नावावर सातबारा नाही, जिची मजुरी दुसराच ठरवतो, जिच्या दारात कर्जाचा हप्ता दर आठवड्याला उभा राहतो, त्या बाईने नेमकी कोणती तृष्णा सोडायची?

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे महाराष्ट्रात मिळतात. एक विपश्यनेच्या शिबिरातले. सत्यनारायण गोएंकांनी १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी सुरू केल्यापासून हजारो मराठी माणसे तिथे दहा-दहा दिवस मौन धरून बसून आली. त्यांतले बरेच जण सांगतात की दुःख बाहेर नसतेच, ते मनाच्या प्रतिक्रियेत असते. दुसरे उत्तर मोर्चातले. तृष्णा वगैरे भिक्खूंनी मागाहून घुसडले, बाबासाहेबांचा बुद्ध हा लढणारा बुद्ध आहे, म्हणून तो भाग सोडून पुढे वाचा. पहिल्या उत्तराने खुरपणाऱ्या बाईची मजुरी वाढत नाही. दुसऱ्याने बुद्धच निम्मा होतो. मला वाटते, घोळ उपदेशात नाही, तो पत्त्यात आहे. कोणती गोष्ट कुणाच्या घरी जाऊन सांगितली होती, हेच आपण विसरलो आहोत.

धम्मपदाच्या सुखवग्गात दोन गाथा लागोपाठ येतात, २०३ आणि २०४ क्रमांकाच्या. पहिलीत भुकेला सर्वांत मोठा रोग म्हटले आहे. दुसरीत आरोग्याला सर्वांत मोठा लाभ आणि संतोषाला सर्वांत मोठे धन. व्याख्यानांतून दुसरीच जास्त ऐकू येते. या गाथा कोणत्या प्रसंगी सांगितल्या गेल्या, ते अट्ठकथेत दिले आहे. अट्ठकथा बुद्धानंतर कित्येक शतकांनी लिहिली गेली, तेव्हा ती जशीच्या तशी इतिहास म्हणून घेता येत नाही. पण परंपरेने कोणता उपदेश कोणाच्या नावाशी जोडून ठेवला, हे तिच्यावरून कळते, आणि मला तेवढेच हवे आहे.

२०३ ची गोष्ट आळवी गावची. तिथला एक गरीब शेतकरी धम्म समजून घेईल म्हणून बुद्ध लांबचा प्रवास करून आले. पण त्याच दिवशी त्या माणसाचा बैल सुटून गेला. ऐकायला जावे की बैल शोधावा? तो बैल शोधायला गेला. गावाने भिक्खुसंघाला जेवण दिले, सगळे उपदेशाची वाट पाहू लागले, आणि बुद्ध गप्प बसून राहिले. दुपार कलल्यावर तो माणूस बैल मिळवून, उपाशीपोटी, धापा टाकत आला. बुद्धांनी पहिला प्रश्न विचारला तो अन्न शिल्लक आहे का, हा. त्याला बसवून जेवू घातले आणि मग बोलायला सुरुवात केली. भिक्खू आपसात कुजबुजले, तेव्हा बुद्धांनी त्यांना सांगितले की भुकेने कासावीस माणसाला धम्म कळत नाही.

देवणीच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. ज्या गावाच्या नावाने गोवंशाची एक अख्खी जात ओळखली जाते, तिथे सुटलेला बैल म्हणजे काय हे पोराटोरांना माहीत असते. वानेरा, शेवेरा, बालंक्या ही रंगावरून पडलेली नावे. गाय दुधाला बरी आणि गोऱ्हा औताला चिवट, म्हणून ही जनावरे लांबून बघायला येतात. बाजारात बैलाचे तोंड उघडून दात मोजले जातात, चार दाती, सहा दाती, जुळलेला. वशिंडावरून हात फिरतो, जनावर चार पावले चालवून बघितले जाते. भाव मोठ्याने बोलत नाहीत. घेणारा आणि दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटे धरतात, बोटांनीच हजार आणि शेकडे ठरतात. विकणाऱ्याचा चेहरा मात्र उघडा असतो. पेरणीच्या तोंडावर जोडी विकायला आणलेला माणूस बघणाऱ्याला लगेच ओळखू येतो, कारण तो बैलाकडे न बघता दुसरीकडेच बघत उभा असतो. आळवीच्या शेतकऱ्याला बुद्ध असे म्हणाले नाहीत की बैलाची आसक्ती धरलीस म्हणून तुला आज दुःख झाले. तसे म्हणणे सोपे होते, आणि तत्त्वज्ञान म्हणून चुकलेही नसते.

२०४ ची गोष्ट कोसलच्या राजाची. प्रसेनजित अफाट जेवायचा. भरपूर भात खाऊन बुद्धांसमोर येऊन बसला की पेंगायचा, कुशी बदलायचा. बुद्धांनी त्याला मोजके खायला सांगितले. त्याने जेवताना कोणीतरी आठवण करून द्यावी अशी व्यवस्था लावून घेतली आणि हळूहळू भात कमी केला. अंग हलके झाले, भाचा अजातशत्रू याच्याशी चाललेली लढाईही मिटली, आणि हे सगळे तो आनंदाने सांगायला आला तेव्हा संतोषाची गाथा आली. उपाशी शेतकऱ्याला जेवण आणि जास्त जेवलेल्या राजाला संतोष. दोन गाथा एकमेकींना चिकटून आहेत, पण त्यांचे पत्ते वेगळे.

आपल्याकडे हे पत्ते उलटे झाले. संतोषाचे प्रवचन वाड्यावर क्वचित होते, वस्तीवर नेहमी होते. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण ज्याचे पाय उघडे पडतात त्यालाच ऐकवली जाते. अंथरूण कुणी आखूड कापले हे विचारायची सोय म्हणीत नाही. शेतकऱ्याने गळफास घेतला की चार दिवसांत कोणी ना कोणी मुलीच्या लग्नातल्या खर्चावर बोलायला उभा राहतो. लग्नात उधळपट्टी होते हे खोटे नाही. पण २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याहून कमी भावाने माल गेला, याचा हिशेब त्या भाषणात नसतो.

बुद्धांच्या बोलण्यात तो असतो. मज्झिमनिकायातल्या महादुक्खक्खन्ध सुत्तात कष्टकऱ्याच्या दुःखाचे वर्णन आहे ते वाचताना मला चमकायला होते. माणूस थंडीवाऱ्यात, उन्हात, माश्या-डासांचे चावे सहन करत राबतो. राबूनही हाती काही लागले नाही तर छाती बडवून रडतो की माझे श्रम वाया गेले. आणि लागलेच, तर राजा नेईल, चोर नेईल, आग जाळील, पाणी वाहून नेईल, नावडता वारस बळकावील या काळजीने झुरतो. यात पीकविमा सोडला तर आमच्याकडचे काही राहिले नाही. अंगुत्तरनिकायात गृहस्थाच्या चार सुखांमध्ये कर्ज नसण्याचे सुख वेगळे मोजले आहे. दुसऱ्या एका सुत्तात दारिद्र्य, मग कर्ज, मग व्याज, मग तगादा, मग पाठलाग आणि शेवटी बंधन, अशी चढती पायरी सांगून प्रत्येक पायरीला दुःख म्हटले आहे. तिथे ही सगळी उपमा शील नसलेल्या माणसासाठी वापरली आहे हे खरे. पण उपमेसाठी जी गोष्ट घेतो ती ऐकणाऱ्याला ठाऊक असावी लागते. तगादा म्हणजे काय, हे ऐकणाऱ्यांना आणि सांगणाऱ्यालाही माहीत होते.

दीघनिकायातल्या कूटदंत सुत्तात तर राजाला सरळ सल्ला आहे. राज्यात चोऱ्यामाऱ्या वाढल्या आहेत, त्या शिक्षा करून थांबणार नाहीत. शेती आणि गुरे करणाऱ्यांना बियाणे आणि चारा दे, व्यापार करणाऱ्यांना भांडवल दे, नोकरांना पोटापुरते वेतन दे. लोकांना संतोष शिकव, असा सल्ला तिथे नाही.

हे ऐकून एखादा जाणकार विचारील की मग बाण लागलेल्या माणसाच्या दृष्टांताचे काय? बाण कुणी मारला, त्याची जात कोणती, हे विचारत बसलास तर मरशील, आधी बाण काढू दे, असे बुद्धच म्हणाले ना? म्हणाले. पण ते मालुंक्यपुत्ताला म्हणाले, आणि त्याचे प्रश्न होते की जग शाश्वत आहे की अशाश्वत, तथागत मरणानंतर असतो की नसतो. सावकार कोण, हे विचारू नये असे त्या दृष्टांतातून निघत नाही. दुसरा एक दृष्टांत दोन बाणांचा आहे. पहिला शरीराला लागतो, दुसरा मनाला. शहाण्याला पहिलाच लागतो, अडाण्याला दोन्ही. विपश्यनेने दुसरा बाण टळतो हे मी मानतो, तो टळलेली माणसे मी पाहिली आहेत. पण पहिला बाण रोज त्याच वस्तीवर, त्याच दिशेने येत असेल, तर दिशेकडे बघणे हाही सम्यक दृष्टीचाच भाग धरायला हवा.

बाबासाहेबांनी नेमके हेच केले. ते गेल्यानंतर, १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी चार आर्यसत्यांबद्दलच शंका घेतली: जन्मापासून मरणापर्यंत सगळे दुःखच असेल तर धम्म निराशेचा होतो, मग ही शिकवण मूळची कशी? महाबोधी सोसायटीच्या मासिकात ग्रंथावर कडक टीका झाली ती अशाच धाडसांमुळे. माझेही मत आहे की या शंकेत ते थोडे जास्त पुढे गेले. दुःखाबरोबर दुःखनिरोधही सांगणारी शिकवण निराशेची ठरत नाही. पण त्याच ग्रंथात पुढे तृष्णात्यागाला त्यांनी धम्माच्या लक्षणांत जागा दिली आहे, हे मोर्चातले मित्र वाचत नाहीत. संतोषाच्या गाथेवर त्यांचे भाष्य स्वच्छ आहे. संतोष म्हणजे परिस्थितीपुढे मान तुकवणे नव्हे. गरिबी धन्य आहे असे बुद्ध कुठे म्हणाले नाहीत, पीडिताने आपली स्थिती बदलू नये असेही म्हणाले नाहीत. त्यांनी वीर्य शिकवले, म्हणजे जोमाने हातपाय हलवणे. ज्या लोभाला हद्द नाही, त्याच्या ताब्यात जाऊ नये, एवढाच संतोषाचा अर्थ.

त्याहून महत्त्वाची मला त्यांची महानिदान सुत्ताची निवड वाटते. त्या सुत्तात एक साखळी आहे. तृष्णेतून शोध, शोधातून प्राप्ती, प्राप्तीतून आसक्ती आणि मालकी, मालकीतून कंजुषी, कंजुषीतून राखण, आणि राखणीतून काठ्या, शस्त्रे, भांडणे, शिवीगाळ. सुरुवातीला तृष्णा एकाची आहे. शेवटी काठी दुसऱ्याच्या पाठीत आहे. आपण मात्र लहानपणापासून ऐकतो की माझी तृष्णा आणि माझेच दुःख, दोन्ही एकाच खात्यावर. ही साखळी खाते फोडते. ज्याला मार बसला त्याच्या मनात तृष्णा शोधण्याआधी ज्याच्या हातात काठी आहे त्याच्या मनात ती शोधावी लागते.

मराठवाड्याने हे १९७८ मध्ये पाहिले. २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि बौद्ध वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. एका नावासाठी इतका हट्ट कशाला, बुद्धाने तर अनात्म शिकवले, नावाची आसक्ती कसली, असे चतुर प्रश्न तेव्हा बौद्धांना विचारले गेले. त्या प्रश्नाची सोयिस्कर बाजू अशी की तो फक्त मागणाऱ्यांना विचारला गेला. जुने नाव बदलू नये म्हणून घरे जाळणाऱ्यांची आसक्ती कुणी तपासली नाही. बौद्ध विचारात तृष्णेचा एक प्रकार भवतृष्णा आहे: आहोत तसेच राहावे, आपले आसन हलू नये, ही ओढ. गावची रीत टिकावी म्हणून शेजाऱ्याची झोपडी पेटवणे, याहून तिचे ढळढळीत उदाहरण मला सापडत नाही. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. त्याआधी नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. आत्मदहन बुद्धमार्गात बसत नाही, ते मला मान्य करावेच लागेल. पण ज्यांनी पंधरा वर्षांहून जास्त काळ थांबवले त्यांना मध्यममार्ग शिकवायला कुणी गेले नव्हते, हेही तितकेच खरे.

पाण्याचे तसेच. सिद्धार्थाने घर का सोडले याची म्हातारा, रोगी आणि प्रेत ही कथा धर्मानंद कोसंबींना पटली नव्हती. सुत्तनिपातातल्या अत्तदण्ड सुत्ताकडे त्यांनी बोट दाखवले, जिथे थोड्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांसारखी एकमेकांवर उठलेली माणसे पाहून आपल्याला भीती वाटली असे बुद्ध सांगतात. बाबासाहेबांनी शाक्य आणि कोलियांचा रोहिणी नदीच्या पाण्यावरचा तंटा मध्यभागी आणला. २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेव्हा ज्यांनी हे सुत्त वाचले होते त्यांना फार लांब जावे लागले नसेल. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि याच पट्ट्यात वर्षानुवर्षे ऊस वाढत आला होता. एकाची तृष्णा, दुसऱ्याची तहान.

आता हे सगळे वाचून आमच्यासारख्यांनी हुश्श करू नये. खेड्यातून निघून शिकलेल्या, पगार लागलेल्या, लातूर-नांदेडला प्लॉट घेतलेल्या पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या दारावर आता संतोषाची पाटी लागली आहे. प्रसेनजिताचा भात आमच्या ताटात आला आहे. आपल्याला मिळाले नाही ते पोराला मिळावे इथपर्यंत ठीक होते. पुढे ते पोराने मिळवून दाखवावे असे झाले, मग शेजारच्यापेक्षा जास्त मार्कांनी मिळवावे असे झाले. ‘लातूर पॅटर्न’च्या गल्ल्यांत सोळा-सतरा वर्षांची मुले पहाटेपासून रात्रीपर्यंत क्लास करतात. त्यांच्या तृष्णेबद्दल बोलू नये, ती त्यांची नाहीच, बापाची आहे. इथेही साखळी तीच, फक्त काठीऐवजी टेस्ट सिरीज. जयंतीला कुणाचा डीजे मोठा, कुणाच्या गावची कमान उंच, ही चढाओढ तर आम्ही चळवळ म्हणून खपवतो. उदगीरला ४ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते विश्वशांती बुद्धविहाराचे उद्घाटन झाले, ही या भागासाठी मोठी गोष्ट आहे आणि मला तिचा आनंद आहे. मात्र मोठा विहार बघून परत येताना आपल्या गावातला विहार छोटा वाटून ज्याला लाज वाटली, त्याने तिथे बुद्ध पाहिला नाही, फक्त इमारत पाहिली.

मग पुरेसे किती, हे कोण ठरवणार? वस्तीवरच्या माणसाची इच्छा न्याय्य आणि प्लॉटवाल्याची तृष्णा, असा शिक्का मारायचा अधिकार मला कुणी दिला? ही शंका रास्त आहे, आणि संयुत्तनिकायात तिला उत्तर आहे. उण्णाभ नावाचा ब्राह्मण कौशांबीच्या घोषिताराम विहारात आनंदांकडे आला. त्याचा मुद्दा बिनतोड होता: इच्छा सोडण्यासाठीही इच्छाच लागते, मग हा मार्ग संपणार कसा? आनंदांनी उलट विचारले, विहारात यावे अशी इच्छा तुला घरी झाली होती ना? इथे पोचल्यावर ती राहिली का? ब्राह्मण म्हणाला, शमली.

मला ही कसोटी पुरेशी वाटते. जी इच्छा पोचल्यावर शमते, ती पाली ग्रंथांच्या भाषेत छंद; प्रयत्नाचे पहिले पाऊल म्हणून बुद्धांनी तिला जागा दिली आहे. जी पोचल्यावर वाढते, ती तृष्णा. जेवण मिळाले की भूक संपते. कर्ज फिटले की तगादा थांबतो. नाव लागले की ती चळवळ संपते, आणि नामविस्तारानंतर ती संपलीही. गुणांची, डीजेची आणि उसाची मात्र हद्द कुठे येत नाही. कोण गरीब आणि कोण श्रीमंत हे न विचारताही ही कसोटी लावता येते, पण लावून बघितली की कोणत्या बाजूला कोण उभा आहे ते बहुधा कळतेच.

१९५६ च्या दीक्षेनंतर तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, आणि पुन्हा १९६४ मध्ये, दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. तृष्णा हे दुःखाचे मूळ मानणाऱ्या धम्मात नुकतीच आलेली माणसे जमिनीसाठी तुरुंगात गेली, आणि त्यांत विसंगती आहे असे त्यांना वाटले नाही. त्यांची मागणी मोजून होती: पडीक जमीन, कसायला, कुटुंबापुरती. मराठवाड्यात पुढे गायरानांवर तीच मागणी उभी राहिली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अनुसूचित जाती-जमातींची गायरानावरची वहिवाट नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. कसणारी पहिली पिढी आता थकली, काही जण गेले, आणि त्यांतल्या अनेकांच्या मुलांचे नाव आजही सातबाऱ्यावर चढलेले नाही. तहसिलीत त्यांना सांगितले जाते, थोडा धीर धरा.